कॅश क्रीकच्या काठावरचे विलो : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२२ ते डिसेंबर २०२४

६ नोव्हेंबर २०२२

कॅलिफोर्नियातील योलो काउंटीत, वुडलंड शहराच्या पश्चिमेला, कॅश क्रीकच्या काठावरचा सुमारे एक एकराचा विलोचा पट्टा आजपासून आमच्या स्वयंसेवक गटाकडे देखभालीसाठी आला आहे. अनुदान देणाऱ्यांसाठीचा अहवाल इंग्रजीत जाईल. या नोंदी मात्र मी मराठीत ठेवणार आहे, कारण फुटवा, फोक, बेणे, बुडखा हे शब्द नीरेकाठच्या उसाच्या शेतात लहानपणापासून कानावर पडलेले आहेत आणि या कामात तेच आधी ओठावर येतात. पटविन या इथल्या मूळ आदिवासी समाजातल्या, विलोच्या टोपल्या विणणाऱ्या ज्या आजींच्या सांगण्याप्रमाणे हे काम चालणार आहे, त्यांनी पहिल्याच भेटीत तीन अटी घातल्या: त्यांचे नाव कुठे लिहायचे नाही, पट्ट्याची नेमकी जागा सांगायची नाही आणि छाटणीपूर्वी त्या जे बोलतात ते टिपून घ्यायचे नाही. तिन्ही अटी येथे पाळलेल्या आहेत.

कॅश क्रीक हा ओढा क्लिअर लेक या सरोवरातून निघतो, कपे खोऱ्यातून खाली उतरतो आणि सॅक्रामेंटो खोऱ्याच्या सपाटीवर येऊन पसरतो. हा पटविन, म्हणजे दक्षिणेकडच्या विंटुन लोकांचा मुलूख आहे आणि योचा डेहे विंटुन नेशन या त्यांच्या आदिवासी राष्ट्राचे ठाणे आजही कपे खोऱ्यातच आहे. विसाव्या शतकात बांधकामासाठी या ओढ्याच्या पात्रातून इतकी वाळू आणि खडी उपसली गेली की पात्राचा तळच खचला. १९९६ मध्ये काउंटीने ओढ्यासाठी आराखडा केला आणि पात्रातला व्यापारी उपसा थांबवला. तळ खाली गेला की काठाखालचे पाणीही खाली जाते आणि उन्हाळ्यात विलोची मुळे कोरडी पडतात. वाळूउपसा नदीचे काय करतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पट्ट्यात विलोच्या तीन जाती आहेत. लाल विलो आणि गुडिंगचा काळा विलो यांचे मोठे वृक्ष होतात. टोपलीच्या कामाचा तो सँडबार विलो, ज्याचे शास्त्रीय नाव सॅलिक्स एक्झिग्वा असे आहे. त्याची पाने बोटाएवढी लांब, पण करंगळीच्या निम्म्यानेही रुंद नसतात आणि कोवळेपणी त्यांच्यावर रुपेरी लव असते. मुळांवरून फुटवे काढत तो वाळूच्या दांड्यावर आडवा पसरत जातो, त्यामुळे वरून शंभर झुडपांचा वाटणारा ताटवा पुष्कळदा मुळात एकच झाड असते. आपल्याकडे ओढ्यांच्या काठी वाढणारा वाळुंज हा याच सॅलिक्स गणातला.

हा पट्टा सुमारे पंधरा वर्षांपूर्वी काठ सावरण्यासाठी लावला गेला आणि त्यानंतर त्याला कोणी हात लावला नाही. लागवडीच्या हिशेबाने तो उत्तम साधला आहे: झाडे जगली, चौदा-पंधरा फूट वाढली, काठ धरला गेला. आजी मात्र त्यात तासभर फिरल्या आणि अकरा फोक हातात घेऊन बाहेर आल्या, त्यांतले चार त्यांनी फाटकापाशी टाकून दिले. आत निम्मी लाकडे वाळलेली होती, जिवंत फांद्यांना वीतभर अंतरावर आडफांद्या फुटलेल्या होत्या आणि बऱ्याचशा डहाळ्यांवर किड्यांनी केलेल्या गाठी होत्या. "इथे कोणी राहत नाही, एवढं दिसतं," एवढेच त्या म्हणाल्या.

१८ डिसेंबर २०२२

पाने गळून गेल्यावर आज पहिली छाटणी केली. संपूर्ण पट्टा एकाच वेळी कापायचा नाही, दरवर्षी एक तृतीयांश कापायचा आणि उरलेला पक्ष्यांच्या आडोशासाठी व काठाच्या संरक्षणासाठी उभा ठेवायचा, असे ठरले आहे. फेब्रुवारी ते ऑगस्ट हा घरट्यांचा काळ असल्यामुळे मोठी छाटणी जानेवारीअखेरपर्यंतच आटोपावी लागेल.

सकाळच्या दोन तासांत आम्ही आठ जणांनी मोठ्या कात्र्यांनी आणि करवतींनी गुडघ्याएवढ्या उंचीवर फांद्या कापल्या, आणि काम झपाट्याने होत आहे म्हणून खूश होतो. आजी आल्या, त्यांनी एका खुंटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने जमिनीकडे बोट दाखवले. गुडघ्यावर कापलेल्या खुंटाला वरच्या टोकाशी चार-पाच डोळे फुटतात, ते एकमेकांना ढकलत बाहेरच्या बाजूला वाकतात आणि वाकडा, मुळाशी बाक आलेला फोक टोपलीच्या पायात बसत नाही. जमिनीलगत कापले की खालच्या सालीतले झोपलेले डोळे आणि मुळांवरचे फुटवे एकदम जागे होतात. शेंड्याचा दाब उठलेला असतो, मुळांत भरपूर साठा असतो, आणि दाटीत उजेडासाठी स्पर्धा करत ते वर्षभर सरळ, आडफांदी न काढता वाढतात. दुपारनंतरचा सगळा वेळ सकाळचे खुंट पुन्हा कापण्यात गेला.

रात्री बाबांना फोनवर हे सांगितले, तेव्हा ते हसले. उसाच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर जुन्याच बुडख्यांतून घेतलेल्या पिकात, बुडखे जमिनीबरोबर छाटले नाहीत तर वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे येतात, हे आमच्या घरात कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. "शिकून तिकडे गेलीस आणि बुडखे ठेवलेस होय?" असे ते म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

गाठी आलेल्या फांद्या वेगळ्या काढून जाळल्या. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, गाठी नसलेल्या निरोगी फांद्या पुढील लागवडीचे बेणे म्हणून ओल्या वाळूत गाडून ठेवल्या आहेत.

१५ जानेवारी २०२३

नाताळनंतर एकामागून एक आलेल्या वादळी पावसांनी तीन वर्षांच्या दुष्काळाची तहान तीन आठवड्यांत भागवली. ओढा काठोकाठ भरून पट्ट्यावरून वाहिला. आज पाणी उतरल्यावर पाहिले तर कापलेला भाग वीत-दीड वीत गाळाखाली गेला आहे, बुडखे दिसतसुद्धा नाहीत. न कापलेले उंच विलो एका बाजूला झोपले आहेत आणि त्यांच्यात प्लॅस्टिक, ट्रकचे टायर व वाहून आलेल्या वेळूसारख्या बोरूचे बोंगे अडकले आहेत. आजींना बुडख्यांची काळजी वाटली नाही. हे झाड गाळात गाडून घेण्यासाठीच जन्मलेले आहे, गाडलेल्या खोडालाही नवी मुळे फुटतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना काळजी गाळाची होती. या खोऱ्याच्या वरच्या डोंगरांत पाऱ्याच्या जुन्या खाणी आहेत आणि ओढ्याच्या गाळात पारा आढळतो. म्हणून यंदा जे काही तोडू ते स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊनच सुकवायचे, असे ठरले.

१९ फेब्रुवारी २०२३

आज बेणे लावले. खरडून उघड्या पडलेल्या काठावर विलो लावण्यासाठी कुंडीतली रोपे विकत आणण्याची गरज नसते, कारण विलोच्या सालीत मुळांची अंकुरस्थाने आधीच तयार असतात आणि ओल मिळाली की काही दिवसांत ती फुटतात. आम्ही कांड्या पाच फुटांच्या ठेवल्या. पात्र खचलेले असल्यामुळे उन्हाळ्यातली ओल गाठायची तर किमान साडेतीन फूट खाली जावेच लागते; दीड फुटाची कांडी फेब्रुवारीत फुटते, एप्रिलमध्ये हिरवीगार दिसते आणि जुलैत वाळून जाते. पहारीने भोक पाडायचे, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवलेली कांडी त्यात सरकवायची आणि कडेची माती पाण्याने बसवून आत पोकळी राहू द्यायची नाही. जेथे काठ अगदी उभा तुटला आहे, तेथे बारीक फांद्यांच्या लांब जुड्या बांधून त्या आडव्या चरात अर्ध्या गाडल्या आणि खुंट्यांनी ठोकल्या.

खालचे टोक तिरके व वरचे सपाट कापून ठेवले होते, जेणेकरून उलटसुलट होऊ नये. तरीही संध्याकाळी तपासताना सात कांड्या डोळे खाली करून लावलेल्या सापडल्या. त्या कोणी लावल्या हे विचारले नाही. त्यांतल्या दोन मी लावलेल्या ओळीत होत्या.

९ एप्रिल २०२३

हिवाळ्यातला फोक सालीसकट वापरतात. पांढरा, सोललेला फोक हवा असेल तर रस चढलेला असताना, म्हणजे वसंतात तोडावा लागतो, आणि नेमके हेच दिवस घरट्यांचे असतात. म्हणून आज फक्त आजी आणि त्यांची नात अशा दोघींनीच, आधी प्रत्येक झुडूप वाकून पाहून, छोट्या कात्रीने मोजके फोक काढले. एका झुडपात जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर साँग स्पॅरोचे घरटे होते. त्या झुडपाला फीत बांधून आम्ही ते सोडून दिले.

सोलण्याचे काम मी जवळून पाहिले. आजींनी फोकाचे जाड टोक दातांत धरले, सालीची कड दातांनीच उचकटली, दोन्ही हातांनी ती दोन पट्ट्यांत फाडत शेंड्यापर्यंत ओढली आणि आतून दुधासारखी पांढरी, ओलसर काठी निघाली, जिच्यावर पान जिथे जिथे होते तिथे तिथे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. फोकाला गालाजवळ नेऊन त्यांनी डोळा मिटून त्याचा सरळपणा पाहिला, मग तो अंगठ्याभोवती हळूहळू गुंडाळला. तीन फोकांपैकी एक मोडला. मोडलेल्या जागी आतून तपकिरी रेघ होती: कुठल्याशा अळीने सहा इंच बोगदा केला होता आणि बाहेरून त्याचा पत्ता नव्हता.

गुंडाळीच्या टोपलीत हा फोक आत लपतो. मधे एक किंवा तीन फोकांचा पाया गोल गोल फिरत वर चढतो आणि त्याभोवती सेज नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताच्या चिरलेल्या मुळांनी टाके घातले जातात; लाल नक्षीसाठी रेडबड या झुडपाची साल आणि काळ्या नक्षीसाठी बुलरश या पाणथळ गवताची रंगवलेली मुळे वापरतात. सेजची मुळे चिरतानाही एक टोक दातांत असते. विणकराचे तोंड हा तिसरा हात आहे, हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियातल्या आदिवासी विणकरांनी १९९२ मध्ये संघटना स्थापन केली तेव्हापासून जंगलातल्या आणि रस्त्याकडेच्या तणनाशक फवारणीचा प्रश्न त्या इतक्या आग्रहाने का मांडत आल्या, हे वेगळे विचारावे लागत नाही.

११ जून २०२३

हे लिहिताना राग आवरत नाही, तरी क्रमाने लिहिते. पट्ट्याला लागून वरच्या अंगाला बोरूचे मोठे बेट आहे. हे परदेशी, बांबूसारखे उंच गवत, अरुंडो डोनॅक्स, येथे बी धरत नाही. पुरात तुटलेल्या खोडाच्या आणि कंदाच्या तुकड्यांतूनच ते खाली खाली पसरत जाते, पाणी पिते, विलोची जागा घेते आणि वाळले की भडाभडा पेटते. ते काढायला हवे याबद्दल दुमत नाही. ज्या ठेकेदाराकडे ते काम होते त्याच्या माणसांनी मंगळवारी वारा असताना फवारणी केली. आम्हाला आधी कळवण्याचे लेखी ठरले होते; कळवले गेले नाही. गुरुवारी पट्ट्याच्या उत्तरेकडील बाजूची विलोची पाने पिवळी पडून वळलेली दिसली.

आजींनी उत्तरेचा अर्धा भाग या वर्षापुरता आणि पुढच्या वर्षापुरताही बाद केला. आम्ही कडेने पांढऱ्या चिंध्या बांधल्या, म्हणजे चुकूनही कोणी तेथला फोक तोंडात धरणार नाही. डिसेंबरात जमिनीवर गुडघे टेकून पुन्हा कापलेले बुडखे बहुतेक याच भागात होते.

मोठी बेटे फक्त कुदळीने काढणे माणसांना झेपत नाही, हे पर्यावरणवाल्या मंडळींचे म्हणणे मला पटते. पण पट्ट्याच्या शेजारची पन्नास फूट रुंद कड हाताने खणून काढणे झेपते, आणि ते आधीच करायला हवे होते. पुढच्या तीन रविवारी तेच करायचे आहे: वरचा भाग कापायचा, कंद खणून काढायचे, निघालेला प्रत्येक तुकडा पुराच्या रेषेच्या वर नेऊन ताडपत्रीवर वाळवायचा आणि खणलेल्या जागेवर काळा कागद अंथरायचा.

२७ ऑगस्ट २०२३

ओढा आमच्या पट्ट्यासमोर कोरडा आहे. फेब्रुवारीतल्या खोल कांड्या जिवंत आहेत. कड पूर्ण खणून झाली. बाकी काम नाही.

२२ ऑक्टोबर २०२३

आई-बाबा महिनाभरासाठी आले आहेत. बाबांना आज पट्ट्यावर नेले. दक्षिणेकडच्या कापलेल्या भागात या वर्षीचे फुटवे माणसापेक्षा उंच गेले आहेत आणि एका बुडख्यावर त्यांनी वीस-बावीस मोजले. खाली बसून त्यांनी बोटांनी माती बाजूला केली, बुडखा पाहिला आणि म्हणाले, "खोडवाच की हा. फक्त साखर नाही."

बाबा आणि आजी यांच्यात भाषा मीच होते, तरी पुष्कळसे बोलणे माझ्यावाचून झाले. बाबांनी एक फोक मागून घेतला, पायाच्या अंगठ्यात त्याचे टोक धरले आणि आमच्या गावी निरगुडीच्या फोकांची डालगी कशी वळायची ते दाखवायला लागले: आधी उभ्या काठ्यांची तारकेसारखी मांडणी, मग त्यांतून आडवा फोक एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून. आजींनी ते तीन फेरे पाहिले, मग ती डालगीची सुरुवात स्वतःच्या हातात घेतली आणि दोन आडवे फोक एकाच वेळी घेऊन प्रत्येक उभ्या काठीपाशी त्यांना पीळ दिला. तीही त्यांच्याकडची एक जुनी वीण आहे. पीळ दिलेली वीण सुटत नाही हे बाबांना चटकन कळले. निरगुडी कुठून आणता, असे आजींनी विचारले. "बांधावरून. बांधावरची निरगुडी दरवर्षी तोडतातच, नाहीतर ती वावरात येते," बाबा म्हणाले. आणि हल्ली? हल्ली बाजारात प्लॅस्टिकच्या पाट्या मिळतात, निरगुडी कोणी तोडत नाही, बांधावर तिचे रान माजले आहे, असे त्यांनी सांगितले. ते मी भाषांतर करून सांगितले तेव्हा आजी आमच्या पट्ट्याच्या मधल्या, अजून न कापलेल्या भागाकडे पाहत होत्या.

बुरुडांच्या बांबूकामाबद्दल बाबा बरेच काही सांगत राहिले; त्यातले थोडेच मी आजींपर्यंत पोहोचवू शकले, कारण कामटी आणि बेळ यांतला फरक मला इंग्रजीत सांगता येईना.

३० नोव्हेंबर २०२३

आज पट्ट्याच्या मधल्या भागात वीस फूट रुंद आणि साठ फूट लांब तुकडा जाळला. पहिला पाऊस होऊन गेला आहे, माती ओली आहे, वारा ताशी पाच मैलांच्या आत होता आणि हवेच्या दृष्टीने जाळण्यास परवानगी असलेला दिवस होता. ऑक्टोबरअखेरीस कापून बुडख्यांवर पसरून ठेवलेल्या फांद्या चार आठवड्यांत पुरेशा वाळल्या होत्या. दोन टाक्या पाणी, आठ फावडी आणि कडेने साफ केलेला दहा फुटांचा पट्टा एवढ्या तयारीनंतर आजींनी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यात वाळलेल्या गवताची पेंढी पेटवून ठेवली. आग वाऱ्याकडे तोंड करून हळूहळू सरकत गेली. ज्वाळा कमरेच्या वर फारशा गेल्या नाहीत आणि चाळीस मिनिटांत सगळे संपले.

पालापाचोळ्यात हिवाळा काढणाऱ्या किड्यांची कोशावस्था आणि गाठी जळून जातात, राखेतले खनिज बुडख्यांना मिळते, आणि वसंतात येणारे फुटवे एकसारख्या जाडीचे व सरळ येतात. कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात त्याची आठवण येणे साहजिक होते, पण राबात पाला बाहेरून आणून जमीन भाजायची असते आणि येथे जिवंत बुडखा जमिनीखाली सुरक्षित ठेवून वरचे जाळायचे असते, म्हणून ओल, वारा आणि आगीची चाल यांचे गणित वेगळे पडते.

ही गोष्ट करण्यासाठी आजींच्या आजीला शिक्षा होऊ शकली असती. कॅलिफोर्नियाने १८५० च्या एप्रिलमध्ये, पहिल्याच विधिमंडळात, इंडियनांच्या, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींच्या, "संरक्षणाच्या" नावाखाली जो कायदा केला त्यात माळरानाला आग लावणे हा दंडनीय गुन्हा ठरवला होता, आणि त्याच कायद्याने आदिवासी मुलांना वेठीसारख्या चाकरीला जुंपण्याची वाटही मोकळी केली होती. पुढे विसाव्या शतकात वनखात्यांचे सर्व धोरण आग विझवण्याभोवती फिरत राहिले. २०२१ मध्ये झालेल्या एका कायद्यानंतर आता प्रमाणित दहनप्रमुख आणि पारंपरिक दहन करणारे जाणकार यांनी घोर निष्काळजीपणा केला नसेल, तर आग विझवण्याचा सरकारी खर्च त्यांच्याकडून वसूल केला जात नाही. आजच्या कागदपत्रांची फाइल माझ्या बोटाएवढी जाड झाली. आजी ती फाइल पाहून काही बोलल्या नाहीत, त्यांनी फावड्याने एक धुमसता बुडखा मातीने झाकला.

१४ जानेवारी २०२४

दक्षिण भागातल्या एका वर्षाच्या फोकांची पहिली तोडणी. आजींनी चार जणींना निवडायला शिकवले. पेन्सिलीच्या जाडीपासून बारीक शिसाच्या जाडीपर्यंतचे, तळापासून शेंड्यापर्यंत हळूहळू निमुळते होत जाणारे, गाठ, चट्टा किंवा आडफांदी नसलेले फोक घ्यायचे. एका बुडख्यावरचे सगळे घ्यायचे नाहीत. वाकडे आणि आजारी असतील तेही जमिनीलगत कापायचे, पण वेगळ्या ढिगात टाकायचे. ही दुसरी सूचना मला फार महत्त्वाची वाटते, कारण चांगले तेवढे तोडून वाईट तसेच उभे ठेवले तर पुढच्या वर्षी त्याच वाईटाला आडफांद्या फुटतात आणि दोन-तीन वर्षांत पट्टा पुन्हा होता तसा होतो.

दिवसअखेर ४१२ फोक घेण्याजोगे निघाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये संपूर्ण पट्ट्यातून सात निघाले होते. जाडीनुसार पाच जुड्या केल्या, सुती दोरीने तीन ठिकाणी बांधल्या आणि आजींच्या घरच्या सावलीतल्या खोलीत टांगल्या. त्या वर्षभर तिथेच राहतील. ओल्या फोकाने विणले तर तो वाळताना आकसतो आणि टाके सैल पडतात. ४१२ हा आकडा मोठा वाटला तरी तो एखाददुसऱ्या मोठ्या कामापुरताच आहे. डिअरग्रास या गवताच्या पायावर विणलेल्या मध्यम आकाराच्या एका शिजवण्याच्या टोपलीला ३,७५० दांडे लागतात आणि ते किमान ७५ निरोगी ठोंबांवरून गोळा करावे लागतात, असा अभ्यासकांनी केलेला हिशेब आहे. अशी एक टोपली जिथे घरोघरी असे, त्या गावाभोवतीचे किती रान सतत कापले, जाळले आणि राखले जात असेल, याचा अंदाज त्या एका आकड्यावरून येतो.

३ मार्च २०२४

अनुदानाच्या अटीनुसार झालेल्या पाहणीचा तक्ता आला. पाहणी करणाऱ्या तरुणाने काम प्रामाणिकपणे केले आहे, पण त्याच्या तक्त्यात "जिवंत की मृत" आणि "उंची" एवढेच रकाने होते. जानेवारीत जमिनीलगत कापलेले आणि नोव्हेंबरात जाळलेले बुडखे त्याने "उंची शून्य, बहुधा मृत" असे नोंदवले, आणि ज्या उत्तरेच्या भागात फवारणीनंतर आम्ही हात लावला नाही, तो पुन्हा पालवल्यामुळे त्याच्या आकडेवारीत सगळ्यांत यशस्वी ठरला.

मी उत्तर लिहिले. पाहणी मे महिन्यात पुन्हा करावी, आणि तक्त्यात तीन रकाने वाढवावेत अशी विनंती केली: शेवटच्या छाटणीचा महिना, प्रत्येक बुडख्यावरचे सरळ फुटवे, आणि विणकराने त्यांतून घेतलेले फोक. तिसऱ्या रकान्याला हरकत आली. ते मोजमाप वस्तुनिष्ठ नाही, ते एका व्यक्तीच्या पसंतीवर अवलंबून आहे, असे कळवण्यात आले. आजींना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की "मग मुलाने जे मेलं म्हणून लिहिलं ते कोणाच्या पसंतीवर अवलंबून होतं?" हा प्रश्न मी पत्रात जसाच्या तसा घातला.

१९ मे २०२४

फेरपाहणी झाली. जाळलेल्या तुकड्यातले बहुतेक सगळे बुडखे फुटले आहेत. तीन रकान्यांपैकी दोन मान्य झाले. विलोच्या सावलीत, जुन्या वाळूच्या खड्ड्यात, आम्ही सेजचे ठोंब लावले आहेत. सेजला भुसभुशीत वाळू मिळाली की तिची आडवी मुळे गाठी न धरता हातभर सरळ धावतात, आणि ती काढण्यासाठी खणले की वाळू पुन्हा भुसभुशीत होते. येथेही हात लावणे हीच मशागत आहे.

सेजच्या निमित्ताने आजींनी पश्चिमेकडच्या सोनोमा काउंटीतली गोष्ट सांगितली. तेथे ड्राय क्रीकवर वॉर्म स्प्रिंग्ज धरण बांधले जात असताना पोमो विणकरांची पिढ्यान्‌पिढ्या राखलेले सेजचे वाफे पाण्याखाली जाणार होते. एल्सी ॲलन आणि कॅश क्रीकच्याच काठी, रम्सी येथे आजीपाशी वाढलेल्या मेबल मके या दोन नामवंत विणकरांनी त्या काळी अभ्यासकांना त्या वनस्पतींबद्दल मार्गदर्शन केले, आणि सेजचे ठोंब उचलून दुसरीकडे लावले गेले. एल्सी ॲलन यांच्या आईने त्याआधीच एक रूढी मोडली होती: विणकर गेली की तिच्या टोपल्या तिच्याबरोबर पुरायच्या असत, पण आईने आपल्या टोपल्या न पुरता मुलीने जपाव्यात आणि त्यांवरून इतरांनी शिकावे असे सांगून ठेवले. त्यावरून नातलगांत बरीच नाराजी झाली होती. आजींनी स्वतःच्या टोपल्यांचे काय ठरवले आहे, हे मी विचारले नाही.

८ डिसेंबर २०२४

सप्टेंबरअखेरीस राज्यात आणखी एक कायदा झाला असून संघराज्याची मान्यता असलेल्या आदिवासी राष्ट्रांशी राज्याने करार केल्यास पारंपरिक दहनासाठीच्या काही परवानग्यांची अट शिथिल होऊ शकेल. आमच्या गटाला त्याचा थेट उपयोग नाही; आजींच्या नातीला पुढे होऊ शकेल.

जानेवारीतल्या जुड्या आज उतरवल्या. अकरा महिन्यांत फोकांची हिरवट साल तांबूस तपकिरी झाली आहे आणि त्यांना वाळलेल्या गवतासारखा, किंचित कडवट वास येतो. आजींनी मधल्या जाडीची जुडी सोडली, दहा फोक कोमट पाण्यात भिजवले, चाकूच्या पात्याने एकेक खरवडून सारख्या जाडीचा केला आणि तीन फोक एकत्र धरून पहिली गाठ वळवली. चौथ्या फेऱ्यावर एक फोक तडकला. त्यांनी तो बाहेर ओढून काढला, नखाने चिरला, आतली रेघ मला दाखवली आणि विचारले, हा कुठल्या बुडख्यावरचा. कोणत्या जुडीत कोणत्या ओळीतले फोक गेले याची नोंद मी ठेवली नव्हती. दक्षिण भाग, एवढेच सांगता आले.

या वर्षीच्या जुड्यांना म्हणून ओळीचा क्रमांक लिहिलेली पट्टी बांधायची आहे. छाटणी २१ डिसेंबरला ठरली आहे. कात्र्यांना धार लावणे बाकी आहे, उत्तरेच्या भागातल्या पांढऱ्या चिंध्या आता काढायच्या आहेत, आणि बाबांनी फोनवर आठवण करून दिल्याप्रमाणे जमिनीबरोबर बुडखे छाटण्यासाठी एक आखूड दांड्याची करवत विकत आणायची आहे.